हौदाच्या काठावरचे सोवनीकाका

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या आमच्या चाळीत एक गृहस्थ राहत, ते रोज सकाळी माझी पाठ चहाच्या चमच्यानं खरवडत.

वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. सुरुवातीला मलाही वाटलं. मी पहाटे तालमीत लढून घरी यायचो, नळावर आंघोळीला निघायचो, आणि जिन्याशी मफलर गुंडाळलेले सोवनीकाका एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात बूच काढलेली औषधाची बाटली घेऊन उभे असायचे. "शेलार, पाठ," एवढंच म्हणायचे. मी पाठ करायचो. खांद्यापासून कमरेपर्यंत चमचा फिरायचा, घामानं चिकटलेली तांबडी माती बाटलीत पडायची, बूच लागायचं. "आभारी आहे. जा आता आंघोळीला." नळावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यातल्या एकीनं मला एकदा विचारलंच, "काय हो भावजी, तळाला लागलंय का? करपलं नाही ना?"

आता मी एवढं निमूटपणे का सोसत होतो, त्यासाठी थोडं माझं सांगायला हवं. माझे वडील लाकडाच्या वखारीत हमाल होते. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि बी.ए. झालेलाही मीच पहिला. या दोन्ही गोष्टी मी लोकांना वेगवेगळ्या सांगतो. त्यात मला लाज वाटत नाही. ज्यांचे आजोबाही बी.ए. होते त्यांना वाटत असेल तर वाटो. तर मी ग्रॅज्युएट झाल्याचं चाळीत कळलं, तेव्हा बाकीचे पेढे खाऊन मोकळे झाले. सोवनीकाकांनी मात्र त्याच दिवसापासून मला आपला सहकारी करून टाकलं.

"तुम्ही ग्रॅज्युएट. तुम्हाला सांगायला नको," असं म्हणून ते सुरू करत, आणि मग तासभर सांगत. वास्तविक मला सांगायलाच हवं होतं. माझा विषय इतिहास. पानिपतावर कोण कुठल्या बाजूला उभं होतं ते मी झोपेत सांगितलं असतं, पण मातीतलं आम्ल कुठं उभं असतं ते मला कधीच कळलं नाही. पण "तुम्हाला सांगायला नको" असं म्हटल्यावर बी.ए. झालेला माणूस "सांगा" कसं म्हणणार? मी मान डोलवायचो. माझी मान डोलली की काकांना वाटायचं, ठाण्यात आपल्याला समजणारा एक तरी माणूस आहे.

सोवनीकाका कल्याणपलीकडच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न नाही, घरात ते आणि त्यांची आई. अंगानं म्हणाल तर शिसपेन्सिल. त्यात दमा. मफलर बारा महिने, दिवाळी झाली की एक स्वेटर, थंडी वाढली की त्याच्यावर दुसरा. त्यांच्या आईला सगळी चाळ आजी म्हणायची. आजी अजूनही त्यांना गॅलरीतून हाक मारायच्या, "बाळ, खाली झाडतायत, आत ये!" आणि कारखान्यात चार माणसांना हुकूम सोडणारा हा बाळ नाकाला रुमाल लावून आत जायचा. आजी सांगायच्या, लहानपणी वैद्यांनी धूळ वर्ज्य सांगितली होती. मुलं खाली अंगणात लोळायची आणि बाळ खिडकीतल्या कॉटवर. "कधी म्हणून गुडघा मळवून आला नाही हो माझा मुलगा," असं त्या कौतुकानं सांगायच्या.

आणि अशा माणसाला नाद लागावा तो मातीचा!

त्यांच्या खोलीत देवांच्या फळीपेक्षा बाटल्यांची फळी मोठी होती. खोपटच्या शेतातली माती, खाडीचा चिखल, कुंभाराच्या चाकावरची माती, गणपतीच्या कारखान्यातली शाडू. एका रविवारी ते खडवलीला गेले आणि नदीकाठी खुरप्यानं खड्डे घेऊन मातीचे थर भिंगातून बघत बसले. गावातले लोक जमले. एकानं विचारलं, "काय गावतंय का काय?" काका आनंदानं म्हणाले, "गावतंय म्हणजे! वर पिवळं, त्याखाली काळं, आणि अजून खाली जाल तर फारच सुंदर!" संध्याकाळपर्यंत अर्धा गाव कुदळी घेऊन नदीकाठ खणत होता. काका परत आले ते भारावून. "शेलार, खेड्यात शास्त्राची केवढी ओढ आहे हो!"

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "शास्त्रात बसतं" किंवा "शास्त्रात बसत नाही." चहा निवला, शास्त्रात बसतं. चुलतभावानं पत्राचं उत्तर पाठवलं नाही, शास्त्रात बसत नाही. पण मातीबद्दल बोलताना ते शास्त्रावर थांबत नसत. "शेलार, अर्धं शास्त्र आणि अर्धी कला म्हणजे माती. कुंभार, मूर्तिकार, शेतकरी, पैलवान आणि केमिस्ट एकाच पंगतीला बसतील अशी जगात ही एकच जागा. त्या पंगतीत फक्त मला पान वाढलेलं नाही."

पान वाढलेलं नाही, म्हणजे त्यांना आमच्या तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरू देत नव्हते. सोवनीकाकांना आयुष्यात एवढंच हवं होतं. बढती नको, बंगला नको, हौदात उतरून ती माती दोन्ही हातांनी उलटीपालटी करायला मिळावी, बस. कारण त्यांच्या मते आखाड्याची माती ही सगळ्या मातींची राणी. माथेरानच्या बाजूची तांबडी माती आणायची, वस्त्रगाळ करायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू, कापूर घालून मुरवायची. "ही प्रयोगशाळाच आहे," काका म्हणत, "फक्त केमिस्ट बाहेर उभा आहे."

त्यांना बाहेर उभं केलं होतं गणपत वस्तादांनी. वस्ताद म्हणजे सहा फुटांचा माणूस, कान मोडलेले, आवाज घोगरा. त्यांच्या तालमीचा एक नियम होता आणि तो त्यांच्या वस्तादांपासून चालत आलेला होता. "ज्याची पाठ या मातीला लागली नाही, त्याचा हात या मातीला लागायचा नाही." मातीची चिमूटही बाहेर न्यायची नाही. पैलवानाच्या पाठीला लागून जाईल तेवढीच काय ती बाहेर. म्हणून तर माझ्या पाठीवर चमचा चालायचा.

काका रोज पहाटे हौदाच्या काठावर चपला काढून उभे राहायचे आणि तिथून वस्तादांची उलटतपासणी घ्यायचे.

"वस्ताद, ताक किती घालता?"

"मागंल तेवढं."

"कोण मागतं?"

"माती."

"आणि कसं मागते?"

"तुमच्यासारखं डोकं खात न्हाई, एवढं नक्की."

एकदा काकांनी धीर करून विचारलं होतं, "मग माझी पाठ लावा की एकदा मातीला." वस्ताद गडगडून हसले. "सोवनीसाहेब, तुमाला फुंकर मारली तरी पडाल. त्याला कुस्ती म्हनत न्हाईत. आन् धुळीनं कायबाय झालं तर तुमची आई मला उभा चिरंल." काकाही हसले. पण त्या दिवशी जिन्याशी "शेलार, पाठ" ऐकू आलं नाही. ते चमचा घेऊन उभे होते आणि विसरून गेले होते.

त्या वर्षी आषाढात आमच्या अंगांना खाज सुटली. आधी मला, मग दत्तूला. दत्तू हा खाडीकडच्या आगरी वस्तीतला, आमच्या तालमीचा सगळ्यात तगडा गडी. नागपंचमीच्या कुस्त्यांना भिवंडीचे पैलवान यायचे होते आणि आमची तालीम भिंतीला पाठ घासत उभी. काकांनी माझ्या पाठीवरची माती पाण्यात कालवली, तिच्यात निळा कागद बुडवला. कागद लाल झाला.

"आंबली! वर्षानुवर्षं ताक आणि लिंबं ओतल्यावर दुसरं काय होणार? शास्त्रात बसतं. चुना हवा." आणि ते धावत तालमीत गेले.

वस्ताद म्हणाले, "माझी माती आंबली? तुमची जीभ आंबली! तीस वर्सं माती राखतोय मी."

"वस्ताद, कागद खोटं बोलत नाही."

"कागदाला लावा लंगोट आन् लढवा त्याला."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकच माती, एकच खाज, पण दोन डॉक्टर आणि दोघांत अबोला. काकांनी हिशेब करून चुना किती लागेल ते काढलं, कळीचा चुना विरवून, वाळवून, गाळून घेतला, आणि ढेकणांवर पावडर उडवायचा पंप भरून नागपंचमीच्या पहाटे सगळ्यांच्या आधी काठावरून सबंध हौदावर उडवला. नियम मोडला नाही. "पाय बाहेर होते, आत गेली ती हवा," असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. तिकडे वस्तादांनी कुणाला न सांगता खाजेवरचा आपला उतारा काढला. बाजारातून पोतंभर हळद आणली आणि आदल्या संध्याकाळी मातीत खोऱ्यानं कालवली. सकाळी पोरांनी हौद उकरून सारखा केला, त्यामुळे तांबड्या मातीत ना हळद दिसली, ना चुना.

नागपंचमीला दुपारी ही गर्दी. हलगी वाजत होती. दत्तूची कुस्ती भिवंडीच्या एका थोराड पैलवानाशी लागली. दोघं भिडले, घामेजले, मातीत लोळले आणि लोकांत कुजबुज सुरू झाली. दत्तूची पाठ लाल व्हायला लागली होती. तांबडी नाही, लाल. लालभडक. भिवंडीवाल्याची छाती लाल, मांड्या लाल, टक्कल लाल. त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि कुस्ती सोडून ओरडला, "खून!"

"खून नाही!" काठावरून सोवनीकाका ओरडले. त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "अल्कली! शेलार, बघा, सुंदर रंग! पण यात हळद कुणी टाकली?"

"मी टाकली," वस्ताद म्हणाले. "का? तुमी काय टाकलंत?"

काकांचा चेहरा हळूहळू उतरला. "चुना," ते म्हणाले.

हलगी थांबली. हळद आणि चुना एकत्र केला की काय होतं, हे ठाण्यातल्या कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. तिथं सगळे पुरुषच. पण दत्तूनं आपल्या दंडावर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि सरळ मनानं विचारलं, "वस्ताद, आमचे आयेला बोलवू काय? वर्साचा कुकू झालाय."

शास्त्र आणि कला यांची भेट घडली होती ती अशी. भिवंडीवाले चिडून निघून गेले. जाताना त्यांच्यातला एक म्हणाला, "ठाण्याची तालीम सवाष्ण झाली, आता ओटी भरा!" आम्ही नळावर साबण लावला तर रंग आणखी भडकला. वरून खिडकीतून काका जीव तोडून ओरडत होते, "साबण नको! साबण अल्कली! लिंबू लावा!" टेंभी नाक्यावरची लिंबं तासाभरात संपली. माझ्या वाट्याला अर्धं आलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो तो कानापर्यंत लाल. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "शेलार, लग्न उरकलंत आणि पत्रिका नाही?"

वस्तादांनी काकांना निरोप धाडला, आजपासून काठावरसुद्धा उभं राहायचं नाही.

काका खोलीतून बाहेर पडेनात. मी गेलो तर बाटल्यांसमोर बसले होते. "शेलार, चूक सापडली," ते म्हणाले. "मी मोजली ती हौदातली माती नव्हतीच. तुमच्या पाठीवरची होती. तिच्यात तुमचा घाम. तेवढा आंबटपणा तुमचा, मी तो मातीच्या नावावर धरला आणि चुना भलताच जास्त झाला." मग बाटलीला बूच लावत म्हणाले, "काठावरून माती कळत नाही."

इकडे हौदाची दशा बघवत नव्हती. वस्तादांनी अंदाजानं घागरी घागरी ताक ओतलं. जिथं ताक जास्त पडलं तिथं पिवळं, जिथं कमी तिथं लाल, मधे कसलासा चिखल. पोरं येईनाशी झाली. एके सकाळी मी पाहिलं, वस्ताद एकटेच काठावर बसले होते. मी बोललो, मला बोलायला आवडतं, "वस्ताद, तुमच्या हाताला कळत नाही, त्यांच्या कागदाला कळत नाही. दोघं मिळून बघा की." वस्तादांनी मला दोन शिव्या दिल्या. मग म्हणाले, "बोलाव त्या सुईला."

काका आले. काठाच्या दोन हात अलीकडेच थांबले. तिथूनच म्हणाले, "लिंबाचा रस आणि आंबट ताक. पण ओतायचं नाही. थोडं थोडं शिंपडून हातानं कालवायचं, आणि जागोजाग कागद लावून बघत जायचं. मला आत यावं लागेल."

"नियम हाय," वस्ताद म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"आहे ना. तो मोडा असं मी कुठं म्हणतो?" काका म्हणाले, आणि त्यांनी मफलर काढला.

मफलर निघाला, कोट निघाला, सदरा निघाला, बंडी निघाली, आतून आणखी एक बंडी निघाली. दत्तू माझ्या कानात म्हणाला, "शेलारदादा, यात मानूस हाय ना?" शेवटी धोतराचा काचा मारलेले, जानवं घातलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात असे सोवनीकाका उभे राहिले. चष्मा त्यांनी माझ्या हातात दिला.

"दत्तू, हळू," वस्ताद म्हणाले.

"हळू नाही," काका म्हणाले. "उगीच निजवायचं नाही. खरी कुस्ती. नाहीतर शास्त्रात बसत नाही."

ते हौदात उतरले. पायाखाली माती आली तेव्हा दचकल्यासारखे थांबले. खाली वाकून चिमूट कपाळाला लावली. दत्तूनं सलामीला हात पुढे केला, तो त्यांना चष्म्यावाचून दिसेना. दत्तूनंच त्यांचा हात शोधून घेतला. मग काकांनी आपले दोन काटकुळे हात दत्तूच्या मानेभोवती टाकले आणि जे धरलं, ते सोडेनात. दत्तू बिचारा काचेचं सामान उचलल्यासारखा त्यांना घेऊन फिरतोय आणि काका धापा टाकत म्हणतायत, "पाडा! लाज बाळगू नका, पाडा!" आम्ही सगळे हसून हसून भिंतीला टेकलो. एकटे वस्ताद हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून, डोळे बारीक करून, मोठी कुस्ती बघावी तसे बघत होते.

दत्तूनं एक टांग लावली आणि काका पाठीवर आले.

"झालं!" वस्ताद म्हणाले आणि एकदम दुसरीकडे बघायला लागले.

काका उठले नाहीत. मला वाटलं, दम लागला. मी धावलो. ते आढ्याकडे बघत पडले होते. "थंड आहे हो," ते म्हणाले. "शेलार, थंड असते ही. मला वाटायचं, तांबडी म्हणजे गरम असेल." मग दोन्ही तळवे मातीत खुपसून म्हणाले, "घाई नाही ना कुणाला?"

कुणालाच नव्हती. वस्ताद लंगोटावर हौदात उतरले आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले.

त्यानंतर सबंध सकाळ दोघांनी मिळून माती कालवली. काका कागद लावायचे, वस्ताद चिमूट चोळून बघायचे, आणि दोघांचं जमलं की पुढचा हात. भांडण चालूच होतं, पण आता ते हौदाच्या आत होतं. दुपारपर्यंत लाल गेलं, आणि काकांना जी ढास लागली ती थांबेना.

मी आणि दत्तूनं त्यांना उचलून घरी आणलं. आजींनी आम्हाला, वस्तादांना, तालमीला आणि इतिहास घेऊन बी.ए. होणाऱ्या सगळ्यांना जे काही ऐकवलं, ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी भीत भीत बघायला गेलो. काका तीन उशांना टेकून बसले होते. छातीत कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज. बोलता येत नव्हतं. मला पाहून त्यांनी बोटानं जवळ बोलावलं. मी कान नेला.

"दोन्ही..." ते म्हणाले. मग श्वास. "दोन्ही खांदे... लागले होते ना?"

"दोन्ही, काका," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं. चारी मुंड्या चीत."

"वस्तादांनी... मन राखायला..."

"वस्ताद कुणाचं मन राखत नाहीत."

काकांनी डोळे मिटले. सबंध चेहऱ्यावर हसू पसरलं.

"काय विचारत होता तो?" आजींनी चुलीपासून विचारलं.

"काही नाही, आजी. ते कुस्ती हरले, ते सांगत होतो."

"हरला? मग हसतोय कशाला मेला?" असं म्हणत आजी उठून आल्या. त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांचं लक्ष कानामागे गेलं. तिथं बोटभर तांबडी माती राहिली होती. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला हात पुढे केला.

काकांनी डोळे न उघडताच मान पलीकडे वळवली.